छातीतल्या कोंडमाऱ्याला नाव देणारा डॉक्टर

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की कात्रजचा बोगदा लागतो, मग खेड शिवापूरचा टोलनाका आणि त्यानंतर भोर तालुक्यातले वरवे बुद्रुक. हमरस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नाही. पण रस्ता सोडून आत वळले की शिवार, भातखाचरे आणि डोंगराकडे चढत जाणाऱ्या वाटा दिसतात. पुढे नसरापूर, आणि तिथून आत गेले की वेल्ह्याचा, राजगड-तोरण्याचा मुलूख.

अशा गावातला साठीचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. दुपारचे जेवण करून तो चढणीच्या वाटेने शेताकडे निघतो. निम्म्या वाटेत थांबतो, छातीवर तळहात ठेवतो, दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागतो. घरच्यांनी विचारले तर जरा दम लागला होता, एवढेच सांगतो. महिन्याभराने दवाखान्यात जातो. तिथे छातीत दुखते का, असा प्रश्न येतो आणि तो प्रामाणिकपणे नाही म्हणतो. कारण त्याच्या लेखी ते दुखणे नसतेच. दुखणे म्हणजे दाढ दुखते, गुडघा दुखतो तसे. इथे त्याला कोंडल्यासारखे होते, आवळल्यासारखे होते, छाती भरून येते. प्रश्न दुखण्याचा होता, उत्तर नाही असे आले, आणि केसपेपरवर तशी नोंद झाली. कोणी खोटे बोलले नाही, तरी निदान हुकले.

हृदयविकाराच्या रुग्णांसाठी तयार झालेल्या प्रश्नावल्या एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना नेमकी हीच अडचण येते. ती समजून घ्यायची तर अडीचशे वर्षे मागे, लंडनमधल्या एका शांत स्वभावाच्या डॉक्टरकडे जावे लागते. छातीतल्या या विकाराचे पहिले नीट वर्णन त्याने केले आणि त्याला नाव दिले. त्याच्याजवळ ईसीजी नव्हता, रक्ततपासणी नव्हती. स्टेथोस्कोपचा शोधही लागायचा होता. त्याच्याजवळ होते ते फक्त रुग्णांचे शब्द. त्याचे नाव विल्यम हेबर्डन.

टिपणवही घेऊन फिरणारा वैद्य

हेबर्डन यांचा जन्म १७१० साली लंडनच्या सदर्क भागात झाला. शाळेत हुशार म्हणून नाव झाले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण सुरू झाले. लॅटिन आणि ग्रीक या भाषांवर त्यांनी असे प्रभुत्व मिळवले की पुढे वैद्यकात नाव काढल्यावरही विद्वान मंडळी त्यांना आपल्यातलेच एक मानत. १७३९ साली ते एमडी झाले आणि दहा वर्षे केंब्रिजमध्येच राहून औषधद्रव्यांवर व्याख्याने देत राहिले.

त्या काळी युरोपात एक सर्वगुणकारी मानले जाणारे औषध विकले जाई. पुरातन काळातल्या राजांची नावे सांगून खपवले जाणारे, डझनावारी घटक एकत्र कुटून केलेले ते औषध विषबाधेपासून तापापर्यंत सगळ्यावर चाले, असा समज होता. हेबर्डन यांनी १७४५ साली छोटा निबंध लिहून त्याची चिरफाड केली. इतके पदार्थ एकत्र करण्यामागे कसलाही अनुभव नाही, नुसती परंपरा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे हे औषध अधिकृत औषधसूचींतून बाहेर पडले. ऐकीव गोष्टीपेक्षा स्वतः पाहिलेल्या, स्वतः ऐकलेल्या गोष्टीवर विसंबायचे, हा त्यांचा स्वभाव तेव्हाच दिसला होता.

१७४८ साली ते लंडनला आले आणि तिथल्या सर्वांत मान्यवर डॉक्टरांत त्यांची गणना होऊ लागली. १७६१ साली, म्हणजे इकडे पानिपत झाले त्या वर्षी, त्यांना राणी शार्लटच्या वैद्याचे पद देऊ केले गेले. त्यांनी ते नम्रपणे नाकारले. दरबारात अडकून पडण्यापेक्षा त्यांना आपले रुग्ण आणि आपली टिपणवही जवळची वाटत असावी.

या वहीची पद्धत सांगण्यासारखी आहे. रुग्णाच्या खोलीत बसूनच ते टिपणे काढत. घरी गेल्यावर आठवून लिहायचे, असे नाही. रुग्ण काय सांगतो, कधी सुरू झाले, कशाने वाढले, कशाने थांबले, औषध दिल्यावर काय झाले, सगळे तिथल्या तिथे. मग महिनाअखेरीस ती टिपणे पुन्हा वाचायची आणि त्यातले उपयोगाचे तेवढे आजारांनुसार लावलेल्या दुसऱ्या वहीत उतरवायचे. अशी कित्येक वर्षे. वरवर पाहता हे कारकुनी काम. पण याच कामातून कांजिण्या आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले. बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर म्हातारपणी येणाऱ्या गाठींचे वर्णनही त्यांचेच. त्या गाठी आजही हेबर्डनच्या गाठी म्हणून ओळखल्या जातात. आपल्या आजीच्या बोटांवर अनेकांनी त्या पाहिल्या असतील.

साध्या भाषेवरही त्यांचा विश्वास होता. १७५९ साली देवीची टोचणी कशी करायची, याच्या सोप्या सूचना त्यांनी लिहिल्या. डॉक्टर नसलेल्या माणसालाही त्या वाचून ते काम करता यावे, अशी त्यांची रचना होती. लंडनमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी त्याला प्रस्तावना जोडली. हेबर्डन यांनी ती पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि अमेरिकेत फुकट वाटण्यासाठी दीड हजार प्रती फ्रँकलिन यांच्या हाती दिल्या. रुग्णाला न कळणारे लिहिणे म्हणजे न लिहिल्यासारखेच, हे त्यांना ठाऊक होते.

दुखणे नव्हे, कोंडमारा

२१ जुलै १७६८ रोजी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये हेबर्डन यांनी एक निबंध वाचला. विषय होता छातीतला एक विकार. तो निबंध १७७२ साली छापून आला. त्याच वर्षी इकडे थेऊरला माधवराव पेशवे क्षयाने गेले. वैद्यकाच्या इतिहासात हे वर्ष या छोट्या निबंधासाठी लक्षात ठेवले जाते.

वहीतल्या टिपणांवरून त्यांनी रुग्णांचा अनुभव एकत्र गुंफला होता. हा त्रास चालताना होतो. चढ असेल तर जास्त आणि जेवल्यानंतर लगेच चालले तर आणखी जास्त. छातीत अशी काही विलक्षण नकोशी जाणीव होते की आणखी पुढे चाललो तर जीवच जाईल असे वाटते. पण माणूस उभा राहिला की त्या क्षणी सगळे नाहीसे होते. जागा छातीच्या मधल्या हाडाच्या आसपास, कधी वर, कधी मध्ये, कधी खाली, बरेचदा डावीकडे झुकलेली. पुष्कळदा ती जाणीव डाव्या दंडापर्यंत उतरते. सुरुवातीला बाकी माणूस ठणठणीत असतो. काही महिने गेल्यावर मात्र उभे राहिले तरी ते पूर्वीसारखे झटकन थांबत नाही. झोपेतून उठवते, खोकताना, गिळताना, मनाला त्रास झाला तरीही येते. आणि अशी माणसे बहुधा अचानक जातात.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, धाप लागणे आणि हा विकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी मुद्दाम नोंदवले. सुरुवातीच्या रुग्णांना धाप नव्हतीच. दुसरी, नाव देताना त्यांनी दुखणे या अर्थाचा शब्द घेतला नाही. लॅटिनमध्ये गळा आवळणे, घुसमटणे या अर्थाचे जे मूळ आहे, त्यावरून घशाच्या विकाराला ‘अंजायना’ म्हणत. तोच शब्द त्यांनी छातीसाठी घेतला आणि ‘अंजायना पेक्टोरिस’ हे नाव तयार झाले. म्हणजे छातीतली घुसमट. रुग्णांनी सांगितलेल्या कोंडमाऱ्याला आणि त्याबरोबरच्या भीतीला हा शब्द सर्वांत जवळचा वाटला, म्हणून तो निवडला.

आता वरव्याच्या वाटेवर थबकलेल्या माणसाकडे पुन्हा पाहा. चढ, जेवणानंतरची वेळ, थांबल्यावर मोकळे होणे, सगळे हेबर्डन यांच्या वर्णनात बसते. पण मराठीत आपण अंजायना म्हणजे छातीत दुखणे असे सोपे करून टाकले, आणि मूळ नावातली घुसमट भाषांतरात गळून पडली. त्याने घरी सांगितलेला दम तर आणखी दिशाभूल करणारा. मराठीत दम लागणे म्हणजे धाप लागणेही असते आणि थकून थांबावे लागणेही असते. हेबर्डन यांनी काळजीपूर्वक वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी एका शब्दात पुन्हा एकत्र येतात.

एका अनामिकाचे पत्र

निबंधाचा गोषवारा एका नियतकालिकात आला आणि १७७२ च्या वसंतात हेबर्डन यांच्या हाती एक पत्र पडले. लिहिणाऱ्याने नाव दिले नव्हते. पन्नाशीच्या त्या गृहस्थाने लिहिले होते की आपण वाचलेले वर्णन हे आपल्याच त्रासाचे आहे. मग त्याने स्वतःचा अनुभव सविस्तर मांडला. डाव्या हातात येणारी कळ कशी असते, ती केव्हा येते, आणि कधीकधी शरीराचा सगळा कारभार काही क्षण थांबल्यासारखा कसा वाटतो. शेवटी त्याने एक विनंती केली. आपण असे अचानक गेलो तर आपले शव हेबर्डन यांनी तपासावे, कारण त्यातून इतरांना उपयोग होईल.

तीन आठवड्यांच्या आत तो गेला. शवविच्छेदन जॉन हंटर या त्या काळच्या सर्वांत नामांकित शल्यविशारदाने केले. फारसे काही सापडले नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उघडून पाहायच्या, हे तेव्हा सुचलेच नव्हते. काही वर्षांनी हंटर यांचाच विद्यार्थी एडवर्ड जेन्नर, जो पुढे देवीच्या लशीमुळे जगप्रसिद्ध झाला, त्याला दुसऱ्या एका रुग्णाच्या हृदयात सुरी खरकन अडल्याचे जाणवले. ती धमनी कडक झाली होती. त्याला कारण उमगले. पण एव्हाना गुरू हंटर यांनाच हा आजार जडला होता. त्यांना धक्का बसू नये म्हणून जेन्नरने आपले मत जाहीर केले नाही. १७९३ साली एका गरमागरम बैठकीत हंटर कोसळले आणि गेले. कॅलेब पॅरी यांनी धमन्यांचा हा दुवा पुस्तकात मांडला तो १७९९ साली.

म्हणजे आजाराचे कारण कळायच्या तीस वर्षे आधी त्याचे वर्णन तयार होते, आणि ते चूक निघाले नाही. हेबर्डन यांना हृदयाच्या धमन्यांचा थांग लागला नव्हता. तरीही त्यांचे लिखाण टिकले, कारण त्यांनी अंदाज कमी लिहिले आणि ऐकलेले जास्त लिहिले.

शंभरांत तीन

पुढे आयुष्यभराच्या अनुभवाचा आढावा घेताना हेबर्डन यांनी नोंदवले की या विकाराचे सुमारे शंभर रुग्ण त्यांनी पाहिले. त्यांत स्त्रिया तीन आणि एक बारा वर्षांचा मुलगा. बाकी सगळे पन्नाशीच्या आसपासचे किंवा त्यापुढचे पुरुष.

या आकड्याचा दोष हेबर्डन यांना देता येणार नाही. त्यांच्याकडे जे आले, त्यांचे त्यांनी लिहिले. पण त्या आकड्याचे परिणाम लांबवर गेले. अंजायनाचे नमुनेदार चित्र पुरुषांच्या अनुभवावर रेखले गेले आणि तेच पाठ्यपुस्तकांत उतरले. आज आपल्याला ठाऊक आहे की स्त्रियांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो. छातीत कोंडणे त्यांनाही होते, पण त्याच्या जोडीला किंवा त्याच्याऐवजी धाप, कमालीचा थकवा, मळमळ, पाठीत, मानेत किंवा जबड्यात त्रास, असे सांगणे त्यांच्यात अधिक आढळते.

आपल्याकडे त्यात भाषेची आणि संकोचाची भर पडते. खेड्यातली वयस्क बाई परक्या माणसासमोर छाती हा शब्द सहसा उच्चारत नाही. जीव घाबरा होतो, कसेसेच होते, पित्त झाले असेल, एवढे बोलून ती थांबते. हात मात्र नेमक्या जागी गेलेला असतो. प्रश्नावली घेऊन आलेल्याने मान वर करून तो हात पाहिला नाही, तर कागदावर काहीच उतरत नाही.

टिपणवहीतून प्रश्नावलीकडे

हेबर्डन यांच्या वर्णनाची प्रश्नावली झाली ती १९६२ साली. लंडनमधल्या जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञाने मोठ्या लोकसंख्येत अंजायना किती आहे हे मोजण्यासाठी एक छोटा तक्ता तयार केला. प्रश्न मोजकेच. छातीत कधी दुखते का किंवा अस्वस्थ वाटते का? चढावर किंवा घाईने चालताना होते का? सपाटीवर नेहमीच्या चालीने चालताना होते का? झाले तर तुम्ही काय करता, थांबता की तसेच चालत राहता? थांबल्यावर जाते का? दहा मिनिटांच्या आत जाते का? आणि शेवटी, कुठे होते ते बोटाने दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने तो तक्ता आपल्या सर्वेक्षणांच्या मार्गदर्शिकेत घेतला आणि तो जगभर वेगवेगळ्या भाषांत गेला.

नीट पाहिले तर यातला प्रत्येक प्रश्न हेबर्डन यांच्या एकेका वाक्याचा नातू आहे. म्हणूनच त्या वर्णनातल्या मर्यादाही सोबत आल्या. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात दक्षिण आशियाई आणि युरोपीय वंशाच्या रहिवाशांमध्ये हा तक्ता ताडून पाहिला गेला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो सगळ्या गटांत सारखाच विश्वासार्ह ठरला नाही. एका गटात नीट चालणारे माप दुसऱ्या गटातही तसेच चालेल, हे गृहीत धरता येत नाही.

पुढच्या पिढीतल्या प्रश्नावल्या आणखी खोलात गेल्या. आजार आहे का एवढेच त्या विचारत नाहीत. त्याने जगणे किती अडले, हेही विचारतात. १९९५ सालच्या सिएटल अंजायना प्रश्नावलीत १९ प्रश्न आहेत. गेल्या चार आठवड्यांत काय काय करताना त्रास झाला, याची त्यात यादी आहे. कपडे घालणे, जिना चढणे अशी कामे कुठेही सारखी. पण व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे, रस्त्याचा एक ब्लॉक झपाट्याने चालणे, टेनिस खेळणे, ही कामे वरव्यात कोण करतो? शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केले तर उत्तरे येतील, पण त्यांना अर्थ नसेल. टेनिस खेळताना त्रास होत नाही, असे खरे उत्तर देणाऱ्याने आयुष्यात रॅकेट धरलेली नसते.

तेव्हा शब्द नव्हे, श्रम भाषांतरित करावे लागतात. व्हॅक्यूम क्लीनरला जेवढी दमछाक होते, तेवढी आपल्याकडे कशाला होते? अंगण झाडायला, गोठा काढायला, की भरलेला हंडा उचलून आणायला? एक ब्लॉक म्हणजे एसटीच्या थांब्यापासून घरापर्यंत की देवळापर्यंत? टेनिसच्या जागी भातलावणी चालेल, की ती जास्तच कष्टाची होईल? आणि डोंगरपायथ्याच्या गावात सपाटीवर चालता का, या प्रश्नाचा अर्थ काय लावायचा? असे प्रश्न कार्यालयात बसून सुटत नाहीत.

उलटी फिरणारी भाषांतरे

यासाठी आता बऱ्यापैकी रुळलेली पद्धत आहे. दोन जण स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करतात. त्यांपैकी एकाला आजाराची माहिती असते, दुसऱ्याला मुद्दाम नसते. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा होतो. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेला कोणी तो मसुदा पुन्हा इंग्रजीत नेतो. उलटे आलेले इंग्रजी मूळाशी जुळले नाही, तर कुठे तरी पाणी मुरले आहे हे कळते. त्यानंतर डॉक्टर, भाषातज्ज्ञ आणि भाषांतरकार एकत्र बसतात. शेवटी, आणि हीच खरी परीक्षा, तीस-चाळीस प्रत्यक्ष रुग्णांना ते प्रश्न विचारले जातात. उत्तर काय, एवढे विचारून तिथे थांबत नाहीत. प्रश्नातून तुम्हाला काय समजले, असेही विचारतात.

इथे मराठीच्या खुब्या समोर येतात. छातीवर दडपण येते का, असे विचारले तर कोणी मुलीच्या लग्नाच्या काळजीबद्दल सांगू लागतो, कारण दडपण मनावरही येते. बेचैनी म्हटले की झोप न लागल्याचे उत्तर येते. जळजळ म्हटले की सगळे पित्तावर जाते. छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते का, कोणी आवळते आहे असे वाटते का, असे विचारले की मात्र काहींचे डोळे चमकतात. आपल्या मनातले समोरच्याने ओळखले, याची ती खूण असते. उत्तरांच्या पायऱ्याही अवघड. अजिबात नाही, थोडे, मध्यम, बरेच, फार, या पाच पायऱ्या कागदावर ठीक दिसतात. पण बरे आहे, चालले आहे, असे बोलायची सवय असलेल्या माणसाला मध्यम म्हणजे किती, हे हाताने दाखवायला सांगितले तरच उमगते.

उपचारांच्या अनुभवाबद्दलच्या प्रश्नावल्यांत आणखी एक पेच असतो. निर्णय घेताना तुम्हाला विचारात घेतले का, हा त्यांतला नेहमीचा प्रश्न. मराठीत तुम्ही म्हणजे एकटा रुग्ण, की त्याच्याबरोबर आलेले सगळे घर? अँजिओप्लास्टी करायची की नाही, हे मुलाने बाहेर व्हरांड्यात ठरवलेले असते. बाई मनापासून हो म्हणते, कारण आमच्या माणसांना विचारले होते. प्रश्न मात्र तिच्याबद्दल होता. शिवाय ज्याने जीव वाचवला त्या डॉक्टरबद्दल तक्रार कशी करायची, या भिडेने चांगलीच उत्तरे दिली जातात. म्हणून असे प्रश्न विचारणारा माणूस उपचार करणाऱ्यांपैकी नसावा, हा साधा नियम पाळावा लागतो.

अखेरची वर्षे

हेबर्डन यांच्याकडे सगळ्या थरांतले रुग्ण येत. १७८३ साली इंग्रजीचे कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांना पक्षाघात झाला आणि काही काळ त्यांची वाचा गेली. ज्या माणसाने एका भाषेचे शब्द गोळा केले, त्याचेच शब्द हरपले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत हेबर्डन होते. जॉन्सन यांना त्यांच्या विद्वत्तेबद्दल फार आदर होता.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७८२ साली, हेबर्डन यांनी आयुष्यभराच्या वह्यांतून एक ग्रंथ तयार केला. तो लॅटिनमध्ये होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे विद्वानांची भाषा तीच. पण तो त्यांनी हयातीत छापला नाही, मुलासाठी ठेवून दिला. मुलाचे नावही विल्यम, आणि तोही डॉक्टर. हेबर्डन उतारवयात विंडसरला राहत. १७९६ साली पडून त्यांचे मांडीचे हाड मोडले आणि त्यानंतर ते फारसे हिंडूफिरू शकले नाहीत. १७ मे १८०१ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १८०२ साली मुलाने तो ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि त्याबरोबर इंग्रजी भाषांतरही आले. रुग्णांनी इंग्रजीत सांगितलेले शब्द वडिलांनी लॅटिनमध्ये नेले होते. ते आता परत त्यांच्या भाषेत आले. उलट्या भाषांतराचा हाही एक नमुनाच.

त्या ग्रंथात एका रुग्णाची छोटी नोंद आहे. या विकाराच्या एका माणसाने रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम केला आणि तो जवळजवळ बरा झाला. दोनशे वर्षांनंतर हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात डॉक्टरांच्या देखरेखीखाली बेताचा, नियमित व्यायाम सांगितला जातो, तेव्हा या लाकूडतोड्याची आठवण काढली जाते. हेबर्डन यांना त्याचे कारण माहीत नव्हते. त्यांनी फक्त लिहून ठेवले.

आपल्यासाठी

प्रश्नावली हे शेवटी ऐकण्याचे साधन आहे. ती मराठीत नीट उतरली तर आशाताईंपासून तज्ज्ञांपर्यंत सगळ्यांच्या हाती एक चांगले माप येईल. तोवर घरच्या घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. वडील चढावर थबकत असतील, आई भांडी घासताना मध्येच बसत असेल, तर दुखते का एवढेच विचारून थांबू नका. काय केल्यावर होते, थांबल्यावर जाते का, किती वेळात जाते, कुठे होते ते हाताने दाखव, असे विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. श्रमाने येणारा आणि थांबल्यावर जाणारा त्रास पित्त म्हणून घरी दाबून ठेवू नका. आणि छातीतला कोंडमारा विश्रांती घेऊनही थांबत नसेल, घाम फुटत असेल, हात किंवा जबडा भरून येत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला हृदयाचा काही भाग निकामी होत असतो.

वरव्याच्या चढावर थांबलेल्या त्या माणसाने खरे तर सगळे सांगितले होते. शब्द त्याचे होते, हात छातीवर होता. ते लिहून घेणारे कोणी तिथे हवे होते.